गुरुकुल की कारखाना?
अमेरिकन विद्यापीठांतील इंग्रजीच्या पदव्युत्तर विभागाचा परिचय

आपल्याकडे इंग्रजी घेऊन एम.ए.ला गेलेला विद्यार्थी सुट्टीत भेटला म्हणजे त्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. पेपर किती, कोणता कवी अवघड, टिपणे कोणाची चांगली, वर्ग कोणता मिळेल? विभागात माणसे एकमेकांबरोबर कशी राहतात, कोण कोणाचे लेखन वाचतो, मतभेद झाले तर ते कोठे आणि कसे मांडले जातात, विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची सोय काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक साहित्याचे शिक्षण ग्रंथांवर जितके अवलंबून असते तितकेच ते या सहवासावरही अवलंबून असते. एकच नाटक एकट्याने वाचणे आणि दहा जणांत बसून त्यावर भांडणे यांत फार मोठे अंतर आहे.

या सहवासाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकन विद्यापीठांतील इंग्रजी विभागाचे उदाहरण घेतले आहे. याचे कारण असे की, संशोधन, अध्यापन आणि विद्यार्थ्याचा चरितार्थ या तिन्ही गोष्टी तेथे एकाच छपराखाली आणल्या गेल्या, आणि त्यामुळे काय साधते व काय बिघडते हे तेथे स्पष्ट दिसते. आरंभी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे ‘ग्रॅज्युएट’ म्हणजे पदवी मिळालेला माणूस. अमेरिकेत ‘ग्रॅज्युएट स्टुडंट’ म्हणजे पदवीनंतर एम.ए. किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी. पदवीपूर्व वर्गांना तेथे ‘अंडरग्रॅज्युएट’ म्हणतात. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचनात घोटाळा होणार नाही.

विभाग कसा जन्मला

इंग्रजी साहित्य हा विद्यापीठात शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे ही कल्पना फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन कॉलेजात मान होता तो ग्रीक आणि लॅटिन यांना. इंग्रजीचा शिक्षक होता, पण त्याचे काम वक्तृत्व शिकविणे आणि निबंध तपासणे एवढेच. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या विद्वानाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८५१ मध्ये तो हार्वर्डमध्ये वक्तृत्वशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि पुढील पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांच्या निबंधांचे गठ्ठे तपासीत राहिला. १८७६ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झाले आणि त्याने चाइल्डला आपल्याकडे बोलाविले. तो हातचा जाऊ नये म्हणून हार्वर्डने त्याला निबंध तपासण्यातून मुक्त केले व इंग्रजीचा पहिला प्राध्यापक नेमले. त्यानंतर त्याने इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ लोककाव्यांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. तो १८८२ ते १८९८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला, आणि त्याचा शेवटचा भाग तर चाइल्डच्या मृत्यूनंतर बाहेर पडला.

म्हणजे इंग्रजीच्या पहिल्या प्राध्यापकाला विद्वान होता आले ते निबंधांचे गठ्ठे डोक्यावरून उतरल्यावर. परंतु गठ्ठे नाहीसे झाले नव्हते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर गेले. हे ‘दुसरे कोण’ या प्रश्नात विभागाच्या पुढील शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे बीज आहे.

जॉन्स हॉपकिन्सने जर्मन विद्यापीठांचा कित्ता गिरविला. निवडक पदवीधरांना शिष्यवृत्ती द्यावी, त्यांनी संशोधन करावे, आणि प्राध्यापकाबरोबर एका टेबलाभोवती बसून आपले काम वाचून दाखवावे, अशी ही पद्धत. अमेरिकेतील पहिल्या पीएच.डी. पदव्या येल येथे १८६१ मध्येच दिल्या गेल्या होत्या, पण या पदवीला व्यवस्थेचे रूप आले ते हॉपकिन्सनंतर. १८८३ मध्ये इंग्रजी व इतर आधुनिक भाषांच्या अध्यापकांनी ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. येथून इंग्रजीचे अध्यापन हा एक व्यवसाय बनला, आणि त्या व्यवसायाचा परवाना म्हणजे पीएच.डी. असे समीकरण रूढ होऊ लागले.

या समीकरणाची थट्टा तेव्हाच झाली होती. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १९०३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात पीएच.डी. पदवीला आठ हातांच्या ऑक्टोपसची उपमा दिली. हार्वर्डच्या एका बुद्धिमान विद्यार्थ्याला दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकविण्याची नेमणूक मिळाली, आणि मग त्याच्यापाशी डॉक्टरेट नाही हे ध्यानात येताच संस्थेचे चालक कसे हवालदिल झाले, याची हकीकत त्यात आहे. विद्यार्थ्याचा विषय तत्त्वज्ञान, शिकवायचे साहित्य. म्हणजे पदवीचा आणि शिकविण्याच्या कामाचा संबंधच नव्हता. तरीही पदवी हवी! दुसरीकडे शेक्सपिअर आणि चॉसरचा गाढा पंडित जॉर्ज लायमन किट्रेज हा १९३६ पर्यंत हार्वर्डमध्ये शिकवीत होता, त्याच्या हाताखालून डॉक्टर झालेल्यांची पिढी बाहेर पडली, पण तो स्वतः मात्र डॉक्टर नव्हता. आपली परीक्षा घेणार तरी कोण, असे तो म्हणत असे, अशी आख्यायिका आहे.

टेबलाभोवतीचा वर्ग

पदव्युत्तर विभागाचे हृदय म्हणजे सेमिनार. ‘सेमिनार’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. आठ-दहा, फार तर पंधरा विद्यार्थी आणि एक प्राध्यापक लांबट टेबलाभोवती बसतात. आठवड्यातून एकदा, पण सलग दोन-अडीच तास. प्राध्यापक व्याख्यान देत नाही. नेमलेला ग्रंथ सर्वांनी वाचून यायचा, एखाद्याने आपले टिपण वाचायचे, आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे. सत्राच्या अखेरीस प्रत्येकाने वीस-पंचवीस पानांचा स्वतंत्र लेख द्यायचा. लेखी परीक्षा बहुधा नसतेच.

मराठी वाचकाला या पद्धतीचे मोल एका उदाहरणावरून चटकन पटेल. ते इंग्रजी विभागातले नाही, पण पद्धत तीच. ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षे वयाच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेचा उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. एका विद्यार्थ्याचे वर्गातील टिपण शंभर वर्षांनंतरही अभ्यासले जाते, याचे श्रेय अर्थातच त्या विद्यार्थ्याच्या प्रज्ञेला आहे. परंतु विद्यार्थ्याने स्वतःचे म्हणणे मांडावे, आणि अध्यापकाने व सहाध्याय्यांनी ते विद्वानाचे म्हणणे समजून ऐकावे, ही अपेक्षा ज्या खोलीत असते त्या खोलीचाही त्यात काही वाटा आहेच.

याच पद्धतीची एक शाखा म्हणजे लेखनाची कार्यशाळा. आयोवा विद्यापीठात १९३६ पासून चालत आलेली ‘रायटर्स वर्कशॉप’ ही तिचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे टेबलावर येते ते विद्यार्थ्याचे स्वतःचे काव्य किंवा कथा. प्रती आधी वाटलेल्या असतात. सर्व जण बोलतात आणि ज्याचे लेखन आहे त्याने तोवर गप्प बसायचे, असा संकेत रूढ झाला. त्याच आयोवात १९६७ मध्ये परदेशी लेखकांसाठी वेगळा उपक्रम सुरू झाला, आणि आपले कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात त्याचे सदस्य म्हणून तेथे राहून आले.

सेमिनारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टेबल गोल असले म्हणजे बसणारे समान होतात असे नाही. ज्याच्या घरी पुस्तके होती, ज्याचे इंग्रजी आईच्या दुधाबरोबर आले, तो पहिल्या दिवसापासून बोलतो. दुसरा महिनाभर ऐकतच राहतो. काही जण तर ग्रंथ समजून घेण्यासाठी तोंड उघडत नाहीत, प्राध्यापकाच्या नजरेत भरण्यासाठी उघडतात. परदेशातून गेलेल्या आणि खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला हे ओझे अधिक जाणवते. मिसुरी विद्यापीठात शेतकी शिकायला पाठविलेला एक शेतकऱ्याचा मुलगा इंग्रजीकडे वळतो आणि जन्मभर त्याच विभागात राहतो, अशी जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ नावाची कादंबरी १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. विभागातील क्षुद्र वैरे आणि निष्ठा यांचे तिच्यातील चित्र आपल्या ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याला मुळीच परके वाटणार नाही.

निबंधांचे गठ्ठे

आता त्या गठ्ठ्यांकडे वळू. हार्वर्डने १८७४ च्या सुमारास प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध घातला. मुलांना धड लिहिता येत नाही असे दिसून आल्यावर १८८५ पासून पहिल्या वर्षाला निबंधलेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. इतर विद्यापीठांनीही हीच वाट धरली. प्रवेश घेणारा प्रत्येक विद्यार्थी, मग तो पुढे इंजिनिअर होवो की पशुवैद्य, इंग्रजी विभागाच्या दारातून जाऊ लागला. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला, तेव्हा तर कॉलेजे भरून वाहू लागली. इतक्या वर्गांना शिकविणार कोण? उत्तर हाताशीच होते. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी!

अशा रीतीने ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणजे अध्यापन-सहायक ही व्यक्ती विभागाचा कणा बनली. व्यवहार असा असतो. विद्यापीठ विद्यार्थ्याची फी माफ करते, त्याला दरमहा निर्वाहापुरते वेतन देते, आणि त्याने पहिल्या वर्षाचा एखाद-दुसरा वर्ग घ्यायचा. समजा, वर्गात वीस मुले आहेत आणि सत्रात प्रत्येकाचे चार निबंध आहेत. म्हणजे ऐंशी निबंध झाले. एकास अर्धा तास धरला तरी निव्वळ तपासण्यातच चाळीस तास गेले. बहुधा प्रत्येक निबंधाचा कच्चा खर्डाही पाहावा लागतो, म्हणजे हिशोब दुप्पट. शिवाय तासाची तयारी आणि विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवलेली वेळ. हे सर्व सांभाळून स्वतःचे तीन सेमिनार!

गंमत अशी की, विभागातील खरा सहवास या ओझ्यातूनच निर्माण होतो. एका खोलीत चार-सहा सहायकांची टेबले असतात. पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्याला वरच्या वर्षाचा विद्यार्थी आपली तासाची टाचणे देतो. सत्राच्या सुरुवातीला सगळे एकत्र बसून तेच तीन निबंध तपासतात आणि कोणी किती गुण दिले ते ताडून पाहतात. एकाने ज्याला उत्तम ठरविले त्याला दुसऱ्याने जेमतेम पास केलेले असते. मग चांगला निबंध कशाला म्हणायचे यावर जो वाद होतो, त्यातून साहित्यसमीक्षेचे जेवढे शिक्षण मिळते तेवढे एखाद्या सेमिनारमध्येही मिळत नसेल. दुपारी डबा खाता खाता एखाद्याचे टिपण ऐकण्याची प्रथाही अनेक विभागांत आहे.

परीक्षेनंतरचे एकटेपण

दोन-तीन वर्षांनी अभ्यासक्रम संपतो आणि मोठी परीक्षा येते. विद्यार्थी आपले कालखंड किंवा विषय निवडतो, त्यांतील ग्रंथांची लांबलचक यादी मान्य करून घेतो, आणि तीन-चार प्राध्यापकांसमोर बसून तोंडी उत्तरे देतो. ही परीक्षा पार पडली की उरतो तो प्रबंध. अशा विद्यार्थ्याला तेथे ‘एबीडी’ म्हणतात, म्हणजे प्रबंधाखेरीज सर्व काही झालेला. ही पदवी नव्हे, अवस्था आहे, आणि कित्येक जण तीत वर्षानुवर्षे अडकून पडतात. प्रवेशापासून डॉक्टरेटपर्यंत सहा-सात वर्षे लागणे हे मानव्य विद्यांत नेहमीचे आहे.

या टप्प्यावर सेमिनार नाही, सोबतीला वर्ग नाही. मार्गदर्शक महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भेटतो. बरोबरीचे मित्र नोकरीला लागलेले, संसारात पडलेले असतात. यावर विद्यार्थ्यांनीच शोधलेला उपाय साधा आहे. तिघा-चौघांनी मिळून लेखनमंडळ काढायचे, दर पंधरवड्याला प्रत्येकाने दहा पाने द्यायची, आणि इतरांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचायची. विषय वेगवेगळे असले तरी बिघडत नाही. आपली पाने कोणी तरी वाट पाहून वाचणार आहे, एवढ्याने माणूस लिहिता राहतो.

कोणते ग्रंथ, कोणाचा विभाग?

ग्रंथांची यादी ही विभागाच्या एकोप्याची खूण मानली जाई. सर्वांनी शेक्सपिअर वाचलेला, सर्वांनी मिल्टन वाचलेला, म्हणून सर्वांना एकमेकांचे बोलणे कळायचे. परंतु या यादीत स्त्रिया किती, कृष्णवर्णीय किती, वसाहतींतले लेखक किती, हे प्रश्न साठोत्तर काळात उफाळून आले. डिसेंबर १९६८ मध्ये न्यू यॉर्क येथील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात व्हिएतनाम युद्धाच्या पार्श्वभूमीवर मोठा गोंधळ झाला. लुई कॅम्फ या प्राध्यापकाला अटक झाली, आणि त्याच अधिवेशनात सभासदांनी त्याला उपाध्यक्षपदी निवडले. पुढे १९७१ मध्ये तो अध्यक्ष झाला. १९६९ मध्ये संस्थेने व्यवसायातील स्त्रियांच्या स्थितीविषयी आयोग नेमला. त्या आयोगाच्या कामात पुढे असलेल्या फ्लॉरेन्स हाउ यांनी १९७० मध्ये ‘फेमिनिस्ट प्रेस’ ही प्रकाशनसंस्था काढली.

या वादाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. याच फेमिनिस्ट प्रेसने १९९१ आणि १९९३ मध्ये सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेले भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे दोन खंड प्रसिद्ध केले. सावित्रीबाई फुले, त्यांच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता आणि ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे या त्या खंडांतून इंग्रजी वाचकांपुढे आल्या. पुण्याच्या एका शाळेतील मुलीने एकोणिसाव्या शतकात लिहिलेला निबंध अमेरिकेतील इंग्रजीच्या वर्गात वाचला जाण्याची वाट अशी तयार झाली.

यादी बदलली तसा यादी करणाराही बदलला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून गेलेल्या गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी कॉर्नेल विद्यापीठात येट्स या कवीवर प्रबंध लिहून १९६७ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९७६ मध्ये देरिदाच्या ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. जेरुसलेममध्ये जन्मलेले एडवर्ड सैद कोलंबियाच्या इंग्रजी विभागात शिकवीत होते, आणि १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथाने पौर्वात्य विद्येकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. यादीवरून भांडणारे विभाग मोडून पडतील अशी भीती त्या वेळी बोलून दाखविली जात होती. विभाग भांडले खरे, पण मोडले नाहीत. त्यांना खरा धोका दुसरीकडून आला.

कुटुंब आणि करार

अध्यापन-सहायक हा विद्यार्थी की नोकर? विद्यापीठांचे म्हणणे असे की, तो शिकविण्याची कला शिकत आहे. ते त्याच्या शिक्षणाचेच अंग आहे. विभाग हे एक कुटुंब आहे आणि कुटुंबात मजुरीचा हिशोब नसतो. सहायकांचे उत्तर असे की, आम्ही गेलो नाही तर पहिल्या वर्षाचे वर्ग भरणारच नाहीत. मग ही नोकरी नव्हे तर काय?

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील सहायकांनी १९६६ मध्ये संघटना स्थापन केली. निमित्तही लक्षात घेण्याजोगे होते. सैन्यभरतीतून सूट देताना विद्यार्थ्यांच्या गुणांचा विचार होत असे, आणि आपण दिलेल्या गुणांवर एखाद्याचे युद्धावर जाणे ठरावे हे सहायकांना सहन होईना. १९७० च्या वसंतात त्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ संप केला आणि विद्यापीठाशी लेखी करार केला. अमेरिकेतील सहायकांचा हा पहिला करार मानला जातो. १९९५–९६ च्या हिवाळ्यात येल विद्यापीठातील सहायकांनी सत्राचे गुण देण्याचे नाकारले, पण त्यांना तेव्हा मान्यता मिळाली नाही. खाजगी विद्यापीठांच्या बाबतीत तेथील राष्ट्रीय कामगार मंडळाने २००० मध्ये सहायकांना कामगार मानले, २००४ मध्ये ते मत फिरविले, आणि २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात पुन्हा कामगार मानले. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० सहायक व संशोधक संपावर गेले आणि सुमारे सहा आठवड्यांनी वाढीव वेतनाचा करार झाला. वाट सरळ मात्र नाही. विस्कॉन्सिनमध्येच २०११ च्या कायद्याने सरकारी नोकरांचा सामुदायिक वाटाघाटीचा हक्क बराचसा हिरावून घेतला होता.

या वादात एक आक्षेप वारंवार घेतला गेला. करार झाला की गुरुशिष्यांचे नाते संपेल, असा तो आक्षेप. २०१६ च्या निर्णयात मंडळाने तो स्वीकारला नाही. विचार केला तर त्यात तथ्य फारसे नाही. सावकाराचे नाव न घेता नवी पुस्तके घेता येणे, आजारपणात वर्ग चुकला तरी वेतन न कापले जाणे, याने शिष्याची श्रद्धा कशी कमी व्हावी? उलट, जेथे काहीच लिहिलेले नसते तेथे सारे गुरूच्या मर्जीवर राहते, आणि मर्जीवर पोसलेल्या नात्यात शिष्य मोकळेपणाने ‘सर, हे मला पटत नाही’ असे म्हणू शकत नाही. सेमिनारचा प्राण तर याच वाक्यात आहे.

बाजार

आणि शेवटी नोकरीचा प्रश्न. १९७० च्या आसपास अमेरिकेत इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या जागा एकाएकी आटल्या. १९७१ पासून मॉडर्न लँग्वेज असोसिएशन रिकाम्या जागांची यादी छापू लागली. पुढे कित्येक वर्षे नाताळ आणि नववर्ष यांच्या दरम्यान भरणाऱ्या अधिवेशनात, हॉटेलांच्या खोल्यांतून, मुलाखती होत असत. २०११ पासून अधिवेशन जानेवारीत गेले, आणि आता मुलाखती बहुतांशी दूरदृश्य माध्यमातून होतात. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर जागांच्या जाहिराती झपाट्याने घटल्या आणि दहा वर्षांत निम्म्याहून खाली आल्या. २०२० मध्ये महामारीच्या काळात तर अनेक विद्यापीठांनी मानव्य विद्यांतील पीएच.डी.चे प्रवेश एका वर्षापुरते बंद ठेवले.

याचा परिणाम सहवासावर होतोच. कालपर्यंत एकमेकांचे खर्डे वाचणारे दोन मित्र आज एकाच जागेचे उमेदवार असतात. तरीही विभाग येथे एक चांगली गोष्ट करतात. सगळे मिळून उमेदवाराची खोटी मुलाखत घेतात, त्याचे व्याख्यान आधी ऐकून चुका सांगतात. ज्यांना कायम जागा मिळत नाही ते ‘अ‍ॅडजंक्ट’ म्हणून वर्गागणिक मोबदल्यावर शिकवितात, कधी एकाच दिवशी दोन-दोन कॉलेजांत. आपल्याकडील तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. चाइल्डच्या डोक्यावरून उतरलेले गठ्ठे आज कोणाच्या डोक्यावर आहेत, हे येथे कळते.

आपण काय घ्यावे?

गुरुकुल की कारखाना, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. विभाग दोन्ही आहे आणि दोन्ही राहणार. ज्ञान देण्याघेण्याचे काम जिव्हाळ्याशिवाय होत नाही, म्हणून तो गुरुकुल आहे. तेथे श्रम होतात आणि त्या श्रमांवर विद्यापीठ चालते, म्हणून तो कारखानाही आहे. अडचण होते ती एका नावाखाली दुसरे झाकले म्हणजे. आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी विद्यार्थ्याच्या श्रमाला शिक्षणात मानाचे स्थान दिले. ‘कमवा आणि शिका’ म्हणताना त्यांनी कमाई लपविली नाही, आणि शिकणेही दुय्यम मानले नाही.

अमेरिकन विभागांपाशी असलेली ग्रंथालये आणि शिष्यवृत्त्या आपल्याला उद्या मिळणार नाहीत. परंतु त्या सहवासातील निदान तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. पहिली, वर्गातील बाके हलवून गोल बसणे आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने स्वतःचे टिपण वाचणे. ते बाजारातील गाइडवरून उतरलेले नसावे, मग दोनच पाने असली तरी चालतील. दुसरी, आपले लेखन प्राध्यापकांना देण्याआधी सहाध्याय्याला देणे आणि त्याचे आपण वाचणे. तिसरी, एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रथम वर्षाच्या मुलांना इंग्रजी लिहिण्यात मदत करणे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात इंग्रजी शिकणारी ही पहिलीच पिढी आहे, आणि वर्गात महिनाभर गप्प बसणारा विद्यार्थी आपल्याकडेही आहेच. त्याला बोलते करण्याचे काम एकट्या प्राध्यापकाचे नाही. मात्र अशी मदत महाविद्यालयाने नेमून दिली तर तिचे तास आणि तिचा मोबदला ठरलेला असावा, एवढे पथ्य सर्वांनीच पाळावे.

एवढे केले तर पुढच्या वर्षी एम.ए.ला गेलेला आपला मित्र सुट्टीत भेटेल तेव्हा, पेपर किती या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न आपण त्याला विचारू शकू : तुमच्या विभागात तुझे लिहिलेले कोण वाचते?